पेठेतील नवी इमारत आणि शेजाऱ्याची हरकत

पुण्याच्या बुधवार पेठेतून सकाळच्या वेळी फिरणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट सहज दिसून येते. देवालय, दुकान आणि बिऱ्हाड ही येथे निरनिराळ्या वस्त्यांत वाटलेली नाहीत. ती एकमेकांस खेटून, पुष्कळदा एकाच आवारात नांदत आहेत. तुळशीबागेत रामाचे देऊळ आहे आणि त्याच्या भोवती भांड्यांची, कुंकवाची व खेळण्यांची दुकाने आहेत. बेलबागेत नाना फडणिसांनी बांधविलेले विष्णूचे देऊळ आहे, आणि त्याच्या भिंतीपलीकडे रहदारीचा अखंड लोंढा वाहत असतो. तांबड्या जोगेश्वरीपासून पासोड्या विठोबापर्यंत चालत गेले तर घंटेचा नाद आणि चुलीचा धूर यांचा शेजार कोठेच तुटत नाही. अशा पेठेत उद्या कोणी नवी इमारत उठवू लागला, आणि तीत राहण्याची घरे व प्रार्थनेची जागा अशी दोन्ही असली, तर तिची तपासणी कोणी करावयाची, कशाच्या आधारे करावयाची, आणि शेजारी राहणाऱ्या गृहस्थास तीत काय बोलता येते, हा प्रश्न केवळ इंजिनिअरांचा नाही. तो पेठेत राहणाऱ्या प्रत्येकाच्या घराचा आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घ्यावे. पेठेतील एका बोळात शंभर वर्षांचा एक वाडा आहे. त्याच्या तुळया वाकल्या आहेत आणि पावसाळ्यात माडीवर बादल्या ठेवाव्या लागतात. वाड्यात दहाबारा भाडेकरूंची बिऱ्हाडे आहेत. हा वाडा एका ख्रिस्ती धर्मादाय संस्थेच्या मालकीचा आहे, आणि संस्थेचा विचार असा की, जुने बांधकाम उतरवून तेथे तळमजल्यावर प्रार्थनामंदिर व वर राहण्याचे गाळे बांधावेत. बातमी बोळात पसरते. एक शेजारी म्हणतो, आमच्या खिडकीचा उजेड जाईल. दुसरा म्हणतो, रविवारी सकाळी गाड्या कोठे उभ्या राहणार? तिसऱ्याचे म्हणणे, येथे चर्च नकोच. आणि वाड्यातील वृद्ध भाडेकरूस एवढीच चिंता की, एकदा बाहेर पडल्यावर परत आत येता येईल की नाही. या चारही बोलण्यांस लोकव्यवहारात 'हरकत' असेच म्हणतात. परंतु नगररचनेच्या कायद्यापुढे त्यांची किंमत सारखी नाही.

प्रथम तिसऱ्या शेजाऱ्याची गोष्ट घ्यावी, कारण तिचा निकाल सर्वांत सोपा आहे. प्रार्थनास्थान कोणत्या धर्माचे आहे ही बाब नगररचनेच्या तपासणीत येतच नाही. भारतीय संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक धर्मसंप्रदायास आपल्या धार्मिक व धर्मादाय संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. त्यास मर्यादा आहे ती सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची. पुण्यास हा विचार परका नाही. १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत, सरकारच्या लष्करात चाकरीस असलेल्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी नाना पेठेच्या बाजूस जमीन देण्यात आली, आणि आज सिटी चर्च या नावाने ओळखले जाणारे देवालय त्याच जागी उभे आहे. पुढे १८८५ मध्ये गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय उभे राहिले आणि त्याच्या आश्रयाने शाळा व वस्ती वाढली. तेव्हा पेठांच्या मधोमध चर्च आणि घरे एकत्र असणे ही पुण्याच्या दृष्टीने नवी वार्ता नव्हे.

याच न्यायाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धर्माचे नाव हे जसे नकाराचे कारण होऊ शकत नाही, तसे ते सवलतीचेही कारण होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी असा आदेश दिला की, सार्वजनिक रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागा यांवर मंदिर, चर्च, मशीद अगर गुरुद्वारा यांच्या नावाने कोणतेही अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. देवाच्या नावाने रस्त्याचा कोपरा बळकावणे आणि देवाचे नाव पुढे करून शेजाऱ्याचा हक्क नाकारणे, ही दोन्ही या नियमात बसत नाहीत.

मग तपासावयाचे ते काय? इमारत कोणाची, हा प्रश्न मागे पडला म्हणजे इमारत कशी व कोठे, हा प्रश्न उरतो, आणि त्याची उत्तरे मोजपट्टीने मिळतात. पहिली बाब जागेच्या उपयोगाची. शहराच्या विकास आराखड्यात ती जागा राहण्यासाठी दाखविली आहे, व्यापारासाठी दाखविली आहे, की शाळा, बाग अगर रस्तारुंदी यांसाठी राखून ठेवली आहे, हे प्रथम पाहिले जाते. दुसरी बाब चटईक्षेत्राची. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल त्या प्रमाणास चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. तीनशे चौरस मीटर जागेवर हे प्रमाण दीडपट असेल, तर सर्व मजले मिळून साडेचारशे चौरस मीटर बांधता येईल. हे प्रमाण आणि इमारतीची उंची समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर पुष्कळशी अवलंबून असते. २०२० पासून महाराष्ट्रातील बहुतेक शहरांस बांधकामाची एकच नियमावली लागू झाली आहे, आणि तीतही हे तत्त्व कायम आहे.

रस्त्याच्या रुंदीचा एवढा आग्रह कशासाठी, हे बुधवार पेठेस कोणी शिकवावयास नको. १८७९ च्या मे महिन्यात याच पेठेतील पेशव्यांचा बुधवारवाडा आगीत जळून गेला. लाकडी तुळयांची घरे आणि अरुंद बोळ यांचा संयोग झाला म्हणजे आग एका घरापुरती राहत नाही. त्यानंतर वीस वर्षांच्या आतच, १८९६ व १८९७ साली, मुंबई आणि पुणे येथे प्लेगने जो हाहाकार केला, त्याने दाट वस्तीतील उजेड व हवा हा प्रश्न सरकारपुढे आणला. पुढे १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, आणि तो हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. बंब आत जाईल एवढी वाट, खिडकीतून येईल एवढा प्रकाश, दोन भिंतींमधील मोकळी जागा, या अटी कागदावर रुक्ष दिसतात. परंतु त्यांच्या मागे आगीची आणि रोगाची आठवण आहे.

प्रार्थनास्थानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे माणसांची दाटी. राहत्या घरातील माणसे दिवसभर थोडी थोडी ये-जा करतात. प्रार्थनेस येणारी माणसे ठराविक वेळी एकदम येतात आणि एकदम बाहेर पडतात. चर्चची ही वेळ रविवार सकाळची, देवळाची संध्याकाळच्या आरतीची, मशिदीची शुक्रवार दुपारची. म्हणून जेथे पुष्कळ लोक जमतात अशा इमारतीस बांधकामाचे नियम निराळ्या वर्गात घालतात. बाहेर पडण्याचे मार्ग, जिन्यांची रुंदी, आग विझविण्याची सोय आणि वाहनांची जागा यांबद्दल तीस राहत्या घराहून कडक अटी असतात. ध्वनिक्षेपकाचा प्रश्न २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांखाली येतो. त्यांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ठरलेली आहे. तेव्हा दुसऱ्या शेजाऱ्याने विचारलेला गाड्यांचा प्रश्न हा पूर्णपणे विषयास धरून आहे, आणि पहिल्याने विचारलेला उजेडाचाही.

पुण्याच्या मध्यवस्तीत याखेरीज आणखी दोन अडसर भेटतात. शहरातील जुन्या वास्तूंची श्रेणीवार वारसायादी आहे. त्या यादीतील वास्तूस हात लावावयाचा तर वारसा समितीचा विचार घ्यावा लागतो. तसेच शनिवारवाडा हे केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक असल्यामुळे, २०१० च्या सुधारित कायद्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामास मनाई आहे आणि पुढील २०० मीटरच्या आत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची संमती लागते. वाड्याच्या आसपासच्या पेठांतील कित्येक घरमालकांची व भाडेकरूंची यामुळे मोठी कोंडी झाली आहे. घर मोडकळीस आले आहे, परंतु नवे बांधता येत नाही, अशी ती स्थिती होय. जुन्याची राखण आणि राहत्या माणसाची सोय यांचा मेळ कसा घालावा, हा वाद नवा नाही. स्कॉटलंडचे नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडीस हे १९१४ च्या सुमारास या देशात आले व पुढे मुंबई विश्वविद्यालयात समाजशास्त्राचे अध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापीत नेण्यापेक्षा, अगदी निरुपयोगी झालेले तेवढेच काढावे आणि बाकीचे जपून सुधारावे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या या पद्धतीचे नाव शस्त्रवैद्याच्या व्यवसायातून घेतलेले आहे. रोगी अवयव कापावा, परंतु रोगी जिवंत ठेवावा, हे त्यातील मर्म.

येथवर काय तपासावयाचे ते झाले. आता केव्हा बोलावयाचे ते पाहिले पाहिजे, आणि या ठिकाणीच सामान्य नागरिकाची सर्वांत मोठी फसगत होते. महाराष्ट्रात या सर्व कारभाराचा पाया १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हा आहे. त्यात तीन दरवाजे आहेत. पहिला दरवाजा विकास आराखड्याचा. महापालिका आराखड्याचा मसुदा तयार करते, २६ व्या कलमाप्रमाणे तो प्रसिद्ध करते, आणि ठरलेल्या मुदतीत कोणाही मनुष्याकडून हरकती व सूचना मागविते. त्या ऐकण्यासाठी २८ व्या कलमाखाली नियोजन समिती नेमली जाते. तीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. शेवटी आराखडा राज्य सरकारकडे मंजुरीस जातो.

दुसरा दरवाजा फेरफाराचा. मंजूर झालेल्या आराखड्यात एखादा किरकोळ बदल करावयाचा असेल, उदाहरणार्थ, एखाद्या जागेवरील बागेचे आरक्षण उठवून ती निवासी करावयाची असेल, तर ३७ व्या कलमाप्रमाणे राजपत्रात सूचना देऊन एक महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात. येथेही कोणीही मनुष्य आपले म्हणणे मांडू शकतो.

तिसरा दरवाजा प्रत्यक्ष बांधकामाच्या परवानगीचा. ४४ व्या कलमाखाली मालक अर्ज करतो, आणि ४५ व्या कलमाखाली महापालिका परवानगी देते, अटी घालून देते, अगर नाकारते. साठ दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर नियमांस धरून असलेल्या अर्जास परवानगी मिळाली असे मानले जाते. परवानगी नाकारली गेल्यास अगर तीस अटी घातल्यास ४७ व्या कलमाने चाळीस दिवसांच्या आत राज्य सरकारकडे अपील करता येते. परंतु हे अपील अर्जदाराचे आहे. शेजाऱ्यास या दरवाजावर बोलाविण्याची तरतूद या कलमांत नाही. इमारत आराखड्यास व नियमांस धरून असेल, तर केवळ शेजाऱ्यास ती रुचत नाही म्हणून परवानगी अडविता येत नाही.

इंग्लंडमधील रीत याहून वेगळी आहे. तेथे एखाद्या गावात चर्च आणि घरे यांची योजना पुढे आली, की शेजाऱ्यांस पत्र देऊन अगर जागेवर सूचना लावून साधारणपणे एकवीस दिवसांत त्यांची मते मागविली जातात, आणि महत्त्वाच्या प्रकरणांचा निर्णय स्थानिक मंडळाची समिती उघड सभेत करते. प्रत्येक इमारतीवर तेथे स्वतंत्र चर्चा होऊ शकते. आपल्याकडे चर्चेची जागा आराखडा ही आहे. एकदा आराखडा आणि नियम ठरले म्हणजे पुढील काम पुष्कळसे पडताळणीचे असते. दोन्ही पद्धतींत गुणदोष आहेत. परंतु आपल्या पद्धतीत जो नागरिक आराखड्याच्या वेळी झोपला, त्यास पायाची खोदाई सुरू झाल्यावर जाग येऊन फारसा उपयोग होत नाही, एवढे मात्र निश्चित.

पुण्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. शहराचा विकास आराखडा १९६६ मध्ये मंजूर झाला आणि सुधारित आराखडा १९८७ मध्ये. त्यानंतरचा, जुन्या हद्दीचा मसुदा २०१३ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे ८७,००० हरकती व सूचना आल्या. एवढ्या माणसांनी कागदावर आपले म्हणणे लिहून द्यावे, ही गोष्ट नागरिक जागे असल्याची साक्ष आहे. मात्र एवढ्या हरकती ऐकून निर्णय करण्यात काळ लोटला. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून आपल्या हाती घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २०१७ च्या जानेवारीत तो मंजूर झाला. म्हणजे १९८७ आणि २०१७ या दोन मंजुऱ्यांच्या मध्ये तीस वर्षांचे अंतर पडले. त्या अवधीत जन्मलेले मूल स्वतः संसारी होऊन घर शोधू लागले असेल. अशा संधी पिढीतून एकदा येतात, म्हणूनच त्या दवडणे महाग पडते.

हरकत कशी लिहावी, हेही येथे सांगितले पाहिजे. 'आमच्या भागातील लोकांचा या योजनेस तीव्र विरोध आहे' असे शंभर सह्यांचे पत्र समितीपुढे आले, तर तीस त्यातून काही उचलता येत नाही. उलट, 'हा बोळ मोजला असता अमुक मीटर रुंद भरतो. येथे दोनशे माणसांच्या सभागृहास परवानगी दिल्यास बंबाची वाट बंद होते. तेव्हा सभागृहाचा उपयोग अमुक रुंदीच्या रस्त्यावरच असावा', असे एकट्या मनुष्याने लिहिले, तरी त्यास उत्तर द्यावे लागते. हरकतीत जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक असावा, कोणत्या प्रस्तावावर आक्षेप आहे ते स्पष्ट असावे, आक्षेपाचे कारण जागेशी संबंधित असावे, आणि त्याऐवजी काय व्हावे याची सूचना असावी. मुदतीच्या आत पोच घेऊन ती द्यावी, आणि सुनावणीचे बोलावणे आल्यावर स्वतः हजर राहावे.

बांधकाम परवानगीच्या वेळी शेजाऱ्याचे हात अगदीच बांधलेले असतात, असेही नाही. मंजूर नकाशे पाहण्यास मागता येतात. त्यासाठी २००५ सालचा माहितीच्या अधिकाराचा कायदा उपयोगी आहे. प्रत्यक्ष बांधकाम नकाशापेक्षा निराळे होत असेल, मोकळी सोडावयाची जागा बुजविली जात असेल, तर महापालिकेकडे तक्रार करता येते आणि अनधिकृत भागास नोटीस देण्याचा अधिकार महापालिकेस आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. महापालिकेच्या परवानगीने कोणाची मालकी सिद्ध होत नाही आणि कोणाचा हक्क बुडतही नाही; मालकीचा तंटा दिवाणी न्यायालयाचा विषय आहे.

कल्पित वाड्याची मालक धर्मादाय संस्था असल्यामुळे तिच्यावर आणखी एक देखरेख आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार विश्वस्तांस संस्थेची स्थावर मिळकत विकावयाची, अगर इमारत वा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. देवळाचे पंच असोत, वक्फाखेरीज इतर धर्मादाय असो, की चर्चचे विश्वस्त असोत, नियम एकच. वरचे गाळे विकून खालचे प्रार्थनामंदिर बांधावयाचे असा बेत असेल, तर त्या व्यवहारात संस्थेचे हित आहे की एखाद्या ठेकेदाराचे, हे तेथे तपासले जाते.

आता राहिला तो वृद्ध भाडेकरू. उजेडाचा शेजारी आपल्या घरात बसून हरकत घेतो. भाडेकरूचे घरच प्रश्नात आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे, जुनी इमारत पाडून नवी बांधण्यासाठी मालकास ताबा हवा असेल, तर त्यास न्यायालयाची खात्री पटवावी लागते. नव्या इमारतीचे नकाशे मंजूर झालेले आहेत आणि बांधकामास पुरेसा पैसा हाती आहे, हे दाखवावे लागते. जुन्या भाडेकरूस नव्या इमारतीत जागा मिळावी हा त्या तरतुदीचा हेतू आहे. बांधकामाच्या नियमांतही भाडेकरूंस सामावून घेणाऱ्या वाड्यांच्या पुनर्बांधणीस वाढीव चटईक्षेत्राची सवलत ठेवलेली आहे. परंतु कागदावरचा हक्क आणि हातातील किल्ली यांमध्ये अनेक वर्षे जाऊ शकतात. म्हणून अशा मनुष्याने आपल्या खोलीचे मोजमाप, भाड्याच्या पावत्या आणि नव्या इमारतीतील जागेचा नोंदलेला करार ही तीन साधने हाती आल्याशिवाय उंबरठा सोडू नये.

विलंब किती होऊ शकतो याचे उदाहरण बुधवार पेठेतच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जेथे काढली, त्या भिडेवाड्याच्या जागी स्मारक व्हावे यासाठी ती जागा संपादन करण्याचा वाद कित्येक वर्षे न्यायालयात चालला. तेथे व्यवसाय करणाऱ्यांचा आपल्या जागेसाठी झगडा होता आणि समाजाची एका थोर आठवणीसाठी मागणी होती. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाद संपला आणि डिसेंबरमध्ये वाडा उतरविण्यात आला. तोपर्यंत मूळ वास्तूच्या बऱ्याच भागाची पडझड झालेली होती. जो निर्णय वेळेवर होत नाही, तो पुष्कळदा पावसाने व वाळवीने परस्पर करून टाकलेला असतो.

कल्पित बोळातील चारही शेजाऱ्यांस म्हणून एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यास चर्च नको आहे, त्याने ते नको असण्याचे कारण स्वतःशी तपासावे. ते गाड्यांचे वा गोंगाटाचे असेल तर तसे लिहावे, आणि तसे नसेल तर कागद बाजूस ठेवावा. ज्यास उजेडाची व वाटेची चिंता आहे, त्याने मोजपट्टी घेऊन बोळ मोजावा. भाडेकरूने आपल्या पावत्या जपाव्या. आणि चौघांनीही, पुढील आराखड्याचा मसुदा ज्या दिवशी प्रसिद्ध होईल त्या दिवशी महापालिकेत जाऊन आपल्या बोळावर कोणता रंग दिला आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.